बारा एकटे उंदीर

डोंगर पोखरून उंदीर काढला, असं लोक हिणवून म्हणतात. ताईच्या संस्थेत गेली सहा वर्षं उंदीर पोखरून डोंगर काढायचं काम चालू होतं, आणि तो डोंगर म्हणजे तिचा प्रबंध. तिच्यामागून आलेली पोरं पदव्या घेऊन गेली, त्यातल्या एकीची मुलगी शाळेत जायला लागली, आणि ही जिथल्या तिथे. म्हणूनच ती सगळ्यांची ताई झाली होती. हा मान वयाचा नव्हता, मुक्कामाचा होता.

घरी वेगळीच तऱ्हा. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "झाले का गं तुझे उंदीर?" जणू ते गॅसवर चढवलेत. मावशीची तर ठाम समजूत होती, की भाची उंदीर मारायचं औषध शोधते आहे. इतकं शिकूनही ते सापडू नये, याचं तिला मनापासून वाईट वाटायचं, कारण तिच्या माळ्यावर त्यांचा सुळसुळाट होता.

प्रयोग तसा साधा. उंदराला सोबतीची ओढ किती असते, हे मोजायचं. एक पेटी, पेटीत दोन खटके. डावा दाबला की गोड गोळी पडते. उजवा दाबला की एक छोटं दार वर सरकतं आणि जाळीपलीकडचा दुसरा उंदीर तीस सेकंद दिसतो, हुंगता येतो. मग दार खाली. पहिल्यांदा दार एकदा दाबून उघडतं, नंतर दोनदा, मग चारदा, आठदा, असं दुप्पट होत जातं. ज्या आकड्याला उंदीर खटक्याचा नाद सोडतो, ती त्याच्या लेखी सोबतीची किंमत. माणसांसाठी अशी पेटी अजून निघालेली नाही, म्हणून बरेच संसार टिकून आहेत.

बारा उंदीर एकत्र ठेवलेले आणि बारा एकेकटे. एकटे जीव तोडून खटका दाबतील, हे शेंबडं पोरही सांगेल. पण वर्षभर मोजलं तरी एकट्यांचा आकडा सोळाच्या पुढे जाईना. एकत्र राहणाऱ्यांचाही सोळाच.

ताई हबकली. सर मात्र हरखले. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. खालच्या प्राणिगृहात, ज्याला सगळे उंदीरखाना म्हणत, तिथे ते कधी पाऊल ठेवत नसत, कारण वासाने त्यांना शिंका यायच्या. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, सर तिसऱ्या मजल्यावरून उंदीर हाकायचे. तिथूनच त्यांनी आकडे पाहिले आणि सिद्धांत मांडला: एकटेपणा ही निव्वळ सवय आहे. लागेपर्यंत थोडा त्रास, एकदा लागली की सोबतीची गरजच उरत नाही.

हा सिद्धांत फार लोकांच्या सोयीचा निघाला. सरांची अकरा भाषणं झाली, फोटो छापून आले. संस्थेच्या संचालकांनी तर थेट अंमलबजावणीच केली. चहाच्या खोलीला कुलूप लागलं आणि संशोधकांच्या लांब टेबलावर लाकडी आडोसे ठोकून प्रत्येकाला स्वतंत्र खण मिळाला. त्या आठवड्यापासून प्रिंटर दिवसातून दहा-दहा वेळा बिघडायला लागला. एकाचा कागद अडकला की पाचजण बघायला जमायचे, आणि कागद निघाला की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. याचा आकडा कोणी मोजला नाही.

तोंडी परीक्षेला दहा दिवस उरले होते. ताईला पिंजऱ्याचा एक फोटो हवा होता म्हणून ती संध्याकाळी साडेसहाला खाली उतरली. एरवी ती चारला काम आटपून वर जायची. पुढचं सगळं मामांकडे असे. मामा म्हणजे गेली एकतीस वर्षं पिंजरे धुणारे, दाणापाणी बघणारे, आणि उंदीर आजारी पडला की डॉक्टरच्या आधी ओळखणारे.

बाराही पिंजरे रिकामे होते. खाली धुण्याच्या मोठ्या टबात भुसा पसरलेला आणि त्यात बारा पांढरे उंदीर एकमेकांच्या अंगावर, पोटाखाली, मानेवर. शेजारी स्टुलावर मामा.

"मामा, हे काय?"

"झोपलेत. हळू बोला."

"अहो, हे एकटे ठेवायचे उंदीर आहेत!"

"ठेवतो की दिवसभर. सकाळी आठला ज्याचा तो पिंजऱ्यात. शेपटीवर नंबर आहेत, माझं चुकत नाही."

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्या आठवड्यापासून. रात्रभर कोपऱ्यात अंग चोरून बसायचे हो. बघवेना. तुमचा प्रयोग दिवसाचा आहे, जीव त्यांना चोवीस तास आहे."

"मला सांगायचं तरी!"

हे मात्र मामांना लागलं. "सांगायचं म्हणजे? रोज लिहितो वहीत." त्यांनी फळीवरची रोजनोंदीची वही काढून तिच्यापुढे धरली.

टपोऱ्या, गोल अक्षरात रोज तेच. 'सं. ६: १ ते १२ एकत्र. स. ८: वेगळे. सर्व मजेत.' ही वही दर शनिवारी वर जायची आणि सोमवारी खाली यायची. दर शनिवारच्या ओळीखाली दोन सह्या होत्या, एक सरांची आणि एक तिची. असे बावन्न शनिवार. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून ताई वर्षभर विचार करत बसली होती, की हे उंदीर खटका का दाबत नाहीत.

"मला वाटलं, तुम्हाला चालतंय," मामा म्हणाले. "सही होती ना."

ताई मुळात प्रामाणिक मुलगी. पण त्या क्षणी तिला सत्य वगैरे काही आठवलं नाही. तिला पहिल्यांदा आठवलं ते हे, की ही वही कोणी वाचत नाही. दहा दिवस गप्प बसलं की ती डॉक्टर. बोललं की सहा वर्षं पाण्यात, आणि आईला पुन्हा सांगायचं की उंदीर अजून व्हायचेत. तिला स्वतःची लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. तरी तिसऱ्या दिवशी वही घेऊन ती सरांकडे गेली.

सरांनी वही हातभर लांब धरून पाहिली. "मामांचं अक्षर फार गिचमिड आहे," ते म्हणाले. अक्षर असं होतं, की पहिलीतल्या पोराने घडाघडा वाचावं.

"सर, आपले एकटे उंदीर एकटे नव्हते."

"तसं काटेकोर बघायला गेलं तर या जगात कोण एकटं असतं?" याच विषयावर अकरा भाषणं दिलेला माणूस हे बोलत होता. "हे बघ, परीक्षक वही मागत नाहीत. आजवर कोणी मागितलेली नाही. आणि मामांच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. अशा वेळी त्यांच्यामागे चौकशी लागावी, असं तुला वाटतं का?"

मामांची एवढी काळजी सरांना पहिल्यांदाच वाटत होती. एकतीस वर्षांत त्यांना मामांचं आडनाव ठाऊक झालेलं नव्हतं. ताई मात्र मान डोलावून बाहेर आली. गप्प बसणं हेच आता पुण्याचं काम ठरलं होतं, आणि असं पुण्य कोणाला नको असतं?

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक ठेंगण्या, चष्मा केसांत खोचलेल्या बाई होत्या. तासभर त्यांनी सोपे प्रश्न विचारले. सर खुर्चीत ऐसपैस झाले. मामा खुर्च्या मांडून, पाणी ठेवून मागे दाराशी उभे होते.

"एक सांगा," बाई म्हणाल्या. "तुम्ही रोज सहा-सात तास उंदरांजवळ असता. उरलेल्या वेळात ते एकटे होते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

ताईने सरांकडे पाहिलं. सरांना खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसत होतं. तिने मागे पाहिलं, तर मामांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला होता. या माणसाला विचारायला हवं होतं, आणि तो उत्तर द्यायला एका पायावर तयार होता.

"ते एकटे नव्हते," मामांचं तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली. "रोज संध्याकाळी एकत्र असायचे. तशी रोजची नोंद आहे. त्या नोंदीवर दर आठवड्याला मी सही केली, आणि एकदाही वाचली नाही."

"हे मलाही आत्ताच कळतंय," सर खिन्नपणे म्हणाले.

बाईंनी वही मागवली. चष्मा डोळ्यांवर घेतला, दोन्ही सह्या बघितल्या, सरांकडे एकदा पाहिलं आणि चष्मा परत केसांत खोचला. शेवटी सोनारानेच कान टोचावे लागतात.

"तुमचा निकाल उलटा वाचा," त्या ताईला म्हणाल्या. "संध्याकाळी सोबत मिळते, म्हणून ते दिवसा तिच्यासाठी जीव टाकत नाहीत. पण हे सिद्ध करायचं तर खरोखर एकटे ठेवलेले बारा लागतील. बाराच्या बारा नोंदी, सहा महिन्यांत. मग या, पदवी देते."

ताई हवेत तरंगत बाहेर पडली. सत्यही सांगितलं आणि पदवीही गेली नाही, असं क्वचित होतं. जिना उतरता उतरता तिला 'खरोखर एकटे' या शब्दांचा अर्थ लागला आणि ती मधल्याच पायरीवर थांबली.

नवे बारा उंदीर आले. एकाच वेताचे, येतानाही एकमेकांना चिकटून आलेले. मामांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. "माझे उरलेले महिने मी एकत्रवाल्यांचं बघतो. हे तुम्ही बघा. आणि कसे आहेत, ते मला सांगू नका."

मग रोज संध्याकाळी ताईच खाली जायची, बाराही पिंजऱ्यांची दारं तपासायची आणि लिहायची, 'सं. ६: १ ते १२ एकटे.' पुढे 'सर्व मजेत' लिहायला तिचा हात धजला नाही. उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसायचे. वरच्या मजल्यावर सर नव्या सिद्धांताला लागले होते. एकटेपणा ही सवय नाही, भूक आहे, आणि आपण हे पहिल्यापासून म्हणत होतो. चहाची खोलीही त्यांच्याच हस्ते उघडली, टाळ्यांच्या गजरात.

दोन महिन्यांनी मोजणी सुरू झाली. पहिले सहा झाले, आकडे झकास आले. सातवा पेटीत सोडला. त्याने गोड गोळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सोळा झाले, बत्तीस झाले, चौसष्ट. आकडा जितका चढेल तितकी तिची पदवी पक्की, आणि ताई तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती, "सोड रे बाबा, सोड आता." एकशे अठ्ठावीसला त्याचे पंजे घसरायला लागले. तो दुसऱ्या बाजूने दाबायला लागला. दोनशे छप्पन्नला दार वर सरकलं.

पलीकडचा जाळीला नाक लावून उभा होता. सातव्याने आपलं नाक तिथेच टेकवलं आणि हुंगलंही नाही, नुसता टेकून राहिला. तीस सेकंदांनी दार खाली यायला लागलं.

ताईने दाराखाली हात घातला. दाराची मोटर कुरकुरली आणि पेटीवरचा लाल दिवा लागला, म्हणजे ही नोंद बाद. बारातली एक बाद म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मोटर दाबत राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मनगटाला कळ लागली, तेव्हा ताईने हात बदलला.