गल्ल्याखालचा खण

बेकरीत सकाळची गर्दी होती आणि बोलायला विषय एकच. शाळेतल्या गोळीबाराला महिना झाला होता. चार मुलं आणि त्यांच्या बाई गेल्या, गावाचा राग काही निवेना. तो सगळा राग आता शाळेच्या शिपायावर निघत होता. गोळ्या झाडणारा दहावीतला मुलगा त्या दिवशी उशिरा आला, पाठीवर लांब पिशवी. शिपायाने नेहमीसारखं "पळ लवकर, बाई ओरडतील" म्हणत त्याला फाटकातून आत घेतलं. एवढाच त्याचा गुन्हा!

तेवढ्यात शिपाईच दुकानात आला. रांगेतल्यांनी तोंडं फिरवली.

"एक पाव द्या," तो हळूच म्हणाला.

"संपला," बेकरीवाला म्हणाला. त्याच्या मागे ट्रेमध्ये गरम पाव वाफाळत होते.

शिपायाने ट्रेकडे पाहिलं आणि मान खाली घालून निघून गेला. गिऱ्हाइकांनी बेकरीवाल्याला शाबासकी दिली. अशा कामाला माणसं किती पटकन एक होतात!

बेकरीवाल्याची थोरली बहीण इस्पितळात नर्स होती. त्या दिवशी जखमी मुलं तिच्याच हातांखालून गेली होती. गर्दी ओसरल्यावर दुकानातच बसलेली ती म्हणाली, "मोठा पराक्रम केलास."

"मग काय डोक्यावर घेऊन नाचू त्याला? त्यानेच आत सोडलं ना, ताई!"

"आणि बंदूक कुठून आली? त्या पोराच्या मामाच्या कपाटातून. भरलेली, बिनकुलपाची. मामाला नाही कुणी पाव नाकारला?"

"मामाचं काय चुकलं? माणूस घराच्या रक्षणासाठी ठेवतो."

"तुझं पिस्तूल कुठे असतं?"

"गल्ल्याखालच्या खणात."

"कुलूप?"

"चोर समोर आल्यावर किल्ली शोधत बसू? आणि ते तिथे आहे हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नाही."

काउंटर पुसणारी त्याची सातवीतली मुलगी मान वर न करता म्हणाली, "मला ठाऊक आहे, बाबा. खणात रोज पीठ जातं ना, मीच पुसते ते. नळीत शिरलेलं पीठ तोंडाने फुंकून काढते."

भरलेल्या पिस्तुलाच्या नळीला तोंड लावून! रोज! बेकरीवाला मटकन पिठाच्या पोत्यावर बसला.

त्याच दुपारी त्याने पिस्तूल पोलिसांत जमा केलं. गावात हसं झालं. "घाबरला बिचारा," म्हणत जो तो आपापल्या बंदुकीच्या कपाटाकडे निर्धास्त परतला.

संध्याकाळी दोन पाव घेऊन तो शिपायाच्या घरी गेला आणि कडी वाजवली.

"माझं चुकलं, दादा. पाव आणलाय. दार उघडा."

आतून शिपाई म्हणाला, "पायरीवर ठेवा. मी आता कुणालाच दार उघडत नाही."

पाव तिथेच ठेवून बेकरीवाला रडत घरी आला.

मंडळी, फाटक कोणी उघडलं हे विचारायला काही लागत नाही, एक गरीब माणूस सापडला की झालं. बंदूक कोणी उघड्यावर ठेवली हे विचारायला मात्र आधी स्वतःच्या घरातला खण उघडावा लागतो. तो आपण उघडणार कधी? आणखी कुणाची पोरं गेल्यावर?