पाचवा सागरगोटा

मित्रांनो, मी एक जुना सागरगोटा आहे. तुमच्याकडचे सागरगोटे काटेरी झुडपाला लागतात असं ऐकतो. आमच्या हैतीत ते बोकडाला लागतात. मागच्या पायाच्या सांध्यात, एका पायात एक. म्हणजे एका बोकडामागे दोन. डाव मात्र पाचांचा. देवाने बोकड घडवला तेव्हा मुलींच्या खेळाचा विचार केलेला दिसत नाही.

आमच्या गल्लीत बोकड कापला जायचा तो वर्षातून एकदा, नाताळाला. त्यामुळे एका मुलीचे पाच सागरगोटे जमायला तीन नाताळ लागायचे. पहिल्या वर्षी दोन, दुसऱ्या वर्षी चार, तिसऱ्या वर्षी पाच आणि वर एक उरलेला. एवढं गणित ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

तेव्हा मी अख्खा बोकड होतो. माझं बालपण जाकमेल गावामागच्या डोंगरात गेलं. येशू जन्मला त्या गोठ्यात आमच्यापैकी कोणीतरी हजर होतं म्हणतात. त्याची जाण ठेवून लोक दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला आमची आठवण काढतात आणि आम्हाला कडू संत्र्याच्या रसात घालतात. मी तक्रार करत नाही. काही मंडळींना तर कोणी आठवणीतही ठेवत नाही. तिकडेच येतो आहे.

डिसेंबरात मला एल्वीरमावशीच्या अंगणात आणून बांधलं. नाताळाची तयारी चालली होती. अंगणाच्या भिंतीला चुना लावून झाला होता, नाताळाचं झाड म्हणून वाळकी फांदी चुन्यात बुडवून डब्यात उभी केली होती, खिडकीत पुठ्ठ्याचा कातरकामाचा कंदील टांगला होता. मावशीच्या बहिणीची मुलगी इसलांद तिच्यापाशीच राहायची. दहा वर्षांची, पायाने काटकी, जिभेने मोजकी. तिच्याजवळ दुधाच्या पावडरचा एक डबा होता आणि त्यात शेंदरी रंगवलेले चार सागरगोटे. रोज माझ्यासमोर बसून ती ते चार घासायची, उन्हात मांडायची आणि पाचव्यासाठी जागा सोडायची. मग माझ्या मागच्या पायांकडे बघायची. माणूस बोकडाच्या पायांकडे इतक्या मायेने बघतो तेव्हा बोकडाने सावध व्हावं. मी गवत खात राहिलो.

मावशीला बोकडांशी बोलायची सवय होती. तिच्याकडूनच मला सगळं कळलं. इसलांदची आई योलेत दोन वर्षांपूर्वी मायामीला गेली, नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी. पोर रडून लाल झाली होती. तेव्हा आईने त्या नाताळाचे दोन ताजे सागरगोटे तिच्या मुठीत दिले.

"पाच जमले ना, की समज मी विमानात बसले," ती म्हणाली. "तुझा डाव मांडायला मीच येते."

रडं थांबलं. मुलगी मोजायला लागली.

योलेत पत्रं लिहीत नसे. ती कॅसेट भरून पाठवायची, तिकडून कोणी येणारं असलं की त्याच्या हाती. ती वाजवायची म्हणजे अर्धी गल्ली अंगणात जमायची. माझ्या कापण्याच्या आदल्या दिवशी दुपारी अशीच एक कॅसेट आली. मावशीने मात्र या वेळी कोणाला बोलावलं नाही. टेप बगलेत मारून ती माझ्या खुंट्यापाशी आली आणि आवाज बारीक करून बसली.

"ताई," टेपमधून योलेत म्हणाली, "यंदा नाही जमत. पुढच्या वर्षीचंही काही खरं नाही. इथे एकजण आहे, चांगला आहे. त्याला मी इसलांदचं सांगितलेलं नाही. तू तिला काहीतरी सांग. तुला जमतं तसलं."

पुढे काही क्षण नुसतीच खरखर, आणि मागे एक तान्हं मूल रडत होतं.

"कोणाचं गं ते पोर?" मावशीने टेपला विचारलं. टेपने उत्तर दिलं नाही. तिने बटण दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस तेवढं पुरे. तुझ्या पोटातच राहू दे."

मी कसं सांगू, की पाण्याच्या टाकीमागे इसलांद बसली होती? रात्री भेट ठेवून जाणाऱ्या नाताळकाकासाठी बुटात भरायचं गवत ती तिथे तोडत होती. तिच्या हातात मूठभर गवत होतं आणि ते तिने खूप वेळ खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा ओव्हिल आला आणि त्याने माझं ते पोट फाडलं. मावशीचं गुपित त्यात सापडलं नाही. बाकीचा मी पातेल्यात गेलो. आम्हा दोघा जुळ्या भावांना मात्र मावशीने सोलून, राखेने आणि लिंबाने घासून, शेंद्रीच्या बियांच्या पाण्यात रंगवलं. इतकी सेवा मी जिवंत असताना कोणी केली नव्हती.

नाताळच्या सकाळी इसलांदच्या बुटात गवतावर माझा भाऊ होता. मी, उरलेला सहावा, मावशीच्या एप्रनच्या खिशात.

"पाच झाले की गं," ओव्हिल क्रेमासचा पेला हलवत म्हणाला. नारळाच्या दाट दुधात रम घालून ते करतात आणि ओव्हिल त्यातलं दूध वाया जाऊ देत नसे. "आता आई येणार. मायामीवाली आली की आम्हालाही ओळख दाखव हो, नाहीतर विसरशील."

"तुम्ही आधी स्वतःचं घर ओळखून परत जा," इसलांद म्हणाली.

सगळे हसले. ती नाही.

जेवणाआधीच ती मावशीपुढे येऊन उभी राहिली. "मावशी, पाचवा पडला."

"कुठे?"

"संडासाच्या खड्ड्यात."

मावशीने एप्रनला हात पुसले. "बरं. बोकडाला मागचे पाय दोन असतात." आणि तिने मला खिशातून काढून तिच्या हातावर ठेवलं.

मित्रांनो, त्या हाताला मी नको होतो. ती मला घेऊन तडक खड्ड्याकडे निघाली. पण वाटेत थांबली. मला उलटंपालटं करून बघितलं. मी खड्ड्यात गेलो असतो, तर पाच कधी झालेच नसते आणि आई कधी यायचीच नव्हती. मी डब्यात राहिलो असतो, तर पाच झाले होते आणि आई आली नव्हती. दोन्हीतलं तिला काहीच सोसत नव्हतं. शेवटी तिने मला अंगणाच्या भिंतीतल्या एका विटेच्या भोकात खुपसलं, वर चिखल लिंपला आणि बादलीत उरलेल्या चुन्याचा हात फिरवला. काम सफाईदार होतं. ओव्हिलपेक्षा बरं.

"हा कुठे गेला?" मावशीचा आवाज मला भिंतीतून ऐकू आला.

"कुत्र्याने नेला."

"आपल्याकडे कुत्रा कुठाय?"

"दुसऱ्यांचा."

मग मावशी पाण्याच्या टाकीपाशी गेली असावी, कारण तिथे तोडून टाकलेलं गवत तिच्या पायाखाली वाजलं.

"दुसऱ्यांची कुत्री फार माजलीत," ती म्हणाली. "ये, जेवून घे."

नव्या वर्षाचं भोपळ्याचं सूप झाल्यावर योलेतला उत्तराची कॅसेट भरली. इसलांदची पाळी आली. "आई, अजून चारच झालेत," ती टेपमध्ये म्हणाली. "घाई करू नकोस."

ईस्टरच्या सुमारास योलेतचं उत्तर आलं. "चारच का? बरं बरं. मग आहे अजून वेळ." आणि मी भिंतीतून ऐकलं, तिने सोडलेला श्वास. इतकं हलकं झालेलं माणूस मी त्यानंतर ऐकलं नाही.

पुढच्या नाताळाला मावशीने जाहीर केलं की यंदाच्या बोकडाची हाडं मऊ निघाली, खेळायच्या लायकीची नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी तिने कोंबडीच आणली. त्यानंतर दरवर्षी कोंबडी. ओव्हिलने एकदा विचारलं, "एल्वीरताई, बोकड का नाही?" तर म्हणाली, "दातांना झेपत नाही." तिचे दात तेव्हा शाबूत होते.

कॅसेटी हळूहळू थांबल्या. पुढे घरोघरी फोन आले, तेही थांबले. मावशी गेली. तिने शेवटपर्यंत कुत्र्याची चौकशी केली नाही. भूकंपात शेजारच्या दोन भिंती पडल्या. ही पडली नाही. सुटकेची मला तेवढी एक आशा होती.

इसलांद आता चाळिशीकडे झुकली आहे. दर डिसेंबरात भिंतीला चुना ती स्वतः लावते, मजूर बोलवत नाही. माझ्यापाशी आली की हात जरा हळू होतो आणि मग दोनदा फिरतो. आज माझ्यावर पंचवीसेक थर आहेत. तिची मुलगी सफीरा सात वर्षांची आहे. परवा चुना चालू असताना तिला तो दुधाच्या पावडरचा डबा सापडला.

"आई, हे चारच आहेत. पाचवा कुठेय?"

कुंचला थांबला. माझ्यापासून वीतभर अंतरावर.

"यायचाय अजून," इसलांद म्हणाली.

"कधी?"

इसलांदने कुंचला बादलीत बुडवला आणि माझ्यावरून दोनदा फिरवला.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तूने काहीतरी मागायची रीत आहे. छत्री म्हणते मला वाळवून ठेवा, पाटी म्हणते मला फोडू नका. मला कोणी वाळवायला नको, फोडायला नको, काढायलाही नको. मी बाहेर आलो तर तिचे पाच होतील. तुम्ही मोठे होऊन कुठे दूर जाल तेव्हा मागे राहणाऱ्या लेकराला मोजता येईल असं वचन देऊ नका, एवढंच. मुलं मोजतात. आणि आकडा भरायला आला, की तुमची लाज राखायला ती मोजणं थांबवतात, जन्मभर.

सफीराने चारांवर खेळून बघितलं. डाव बसत नाही. बाहेरून भिंत मात्र छान पांढरी दिसते म्हणतात.