न बदलणारी सुई

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, आता माणसं जिन्यातही बसली होती, आणि बहुतेकांचा एक हात कपाळावर होता. एवढी अर्धशिशीवाली डोकी एका जागी जमल्यावर शांतता असायला हवी. पण एका शिष्याने ध्वनिक्षेपकाचा आवाज असा वाढवून ठेवला होता, की धडधाकट माणसाचंही डोकं उठावं.

मखमल अंथरलेल्या टेबलामागे सुईमहाराज बसले होते.

"डोकं म्हणजे काय? मडकं! मडक्यात सात गाठी, गाठीत कोंडलेला वायू! डॉक्टर मडक्याला बाहेरून रंग देतात. आपली सुई गाठ सोडते. बारा वर्षं हीच सुई! झिजली नाही, बोथट झाली नाही, बदलली नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग डोळ्यांवर ओला रुमाल बांधलेल्या एका बसड्रायव्हरला दोघांनी धरून आणलं. महाराजांनी मखमलीत गुंडाळलेला हात त्याच्या भुवईवर टेकवला, काहीतरी पुटपुटले, टोचलं. दोन मिनिटं गेली. ड्रायव्हरकाकांनी रुमाल काढला, उजेडाकडे बघितलं आणि लहान मुलासारखे रडायलाच लागले. "थांबलं हो! खरंच थांबलं!" बायका डोळे पुसू लागल्या.

रांगेत सहावी होती ताई. तिच्याशेजारी हाताची घडी घालून उभी होती तिची धाकटी बहीण. तिचा असल्या प्रकारांवर काडीचाही विश्वास नव्हता. ताईला रस्त्यात ओकाऱ्या होतात म्हणून केवळ सोबतीला आली होती. धाकटी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर डॉक्टरीणबाईंच्या हातात अवजारं द्यायची, वापरलेली उकळायची, टाकायची ती टाकायची. सात वर्षं तिने हेच केलं होतं.

ताई चष्म्याच्या कारखान्यात काचा तपासायची. पांढऱ्याफेक दिव्यासमोर एकेक काच धरून ओरखडा शोधायचा. महिन्यातले पंधरा दिवस तोच उजेड तिच्या डोळ्यात खिळ्यासारखा घुसायचा. मुकादमाने परवाच बजावलं होतं, "आणखी तीन दांड्या, की घरी बसा."

मोठ्या इस्पितळातले डॉक्टर तसे भले होते. गोळ्यांचे सगळे प्रकार थकल्यावर त्यांनी सांगितलं होतं, "कपाळ, कानशिलं, मान, अशा एकतीस जागी बारीक इंजेक्शनं द्यायची. दर तीन महिन्यांनी. पहिल्याच खेपेला गुण येईल असं नाही, दोन-तीन खेपा धरून चला. पण पुष्कळांना येतो." ताईला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललंय असं वाटलं. मग ती काउंटरवर गेली. तिथल्या माणसाने मान वर न करताच एका खेपेचा आकडा सांगितला. तिचे दोन पगार मिळूनही तो भरत नव्हता.

"काही कमी नाही का होणार?"

"ही भाजी मंडई आहे का?" असं म्हणून त्याने पुढच्याला हाक मारली.

सव्वा वर्ष पोटाला चिमटा काढून ताईने एका खेपेपुरते पैसे जमवले होते. आज ते तिच्या पर्समध्ये होते, पण इस्पितळासाठी नव्हे. महाराजांच्या दोन सुया झाल्या होत्या, उरलेल्या पाचांपैकी चारांचे पैसे एकरकमी भरणाऱ्याला सातवी फुकट होती. दुकानात साबणावर चमचा देतात तशी.

"ताई, मागच्या दोन्ही वेळी रात्री परत दुखलं ना तुझं?"

"महाराज म्हणाले, गाठ सुटताना ओरडते."

"आणि तुला पटलं?"

"तीन तास थांबलं होतं गं!" ताईचा आवाज फाटला. "तीन तास! मी भाकरी भाजली, खिडकी उघडून बसले. तुझं डोकं दुखत नाही, तुला नाही कळायचं."

धाकटी महाराजांचा हात बघू लागली.

बघता बघता ती दोन पावलं पुढे सरकली. मखमलीच्या वरच्या टोकाला महाराजांचा अंगठा एका कडीत अडकवलेला होता. टोचल्यावर तो आधी किंचित मागे यायचा आणि मग सावकाश पुढे जायचा. दोन-तीन माणसं झाली की हात टेबलाखाली 'शक्ती भरायला' जायचा आणि परत यायचा. हे ती दवाखान्यात दिवसातून वीस वेळा पाहायची. अंगठ्याची कडी असलेली पिचकारी, पोटात काचेची छोटी नळी. सुई रक्तवाहिनीत तर नाही ना गेली, हे बघायला दट्ट्या आधी जरासा मागे ओढायचा. ही दाढ काढण्याआधीची भुलीची सुई होती! महाराज पूर्वी कधीतरी एखाद्या दातांच्या दवाखान्यात घासूनपुसून तयार झाले होते.

एवढ्यावर तिला कदाचित हसूही आलं असतं. पण पुढची बाई टेबलाशी बसली. महाराजांनी सुई मखमलीला पुसली आणि तीच तिच्या भुवईत घातली. मग तिच्यामागच्या म्हाताऱ्याला. मग कॉलेजातल्या एका मुलीला. दवाखान्यात पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला एकच गोष्ट शिकवली होती: एक माणूस, एक सुई. आणि इथे लोक त्या न बदलणाऱ्या सुईलाच टाळ्या देत होते. ताईने अशा दोन सुया घेतल्या होत्या.

तिने ताईचा दंड धरला आणि तिला रांगेबाहेर ओढलं.

"सोड! माझा नंबर आलाय!"

"जीव गेला तरी सोडणार नाही."

हॉलमधली डोकी वळली. शिष्य धावून आला. धाकटीने त्याला बाजूला सारलं आणि पहिल्या ओळीत हसऱ्या चेहऱ्याने बसलेल्या ड्रायव्हरकाकांपुढे उभी राहिली.

"काका, डोळे मिटा. कपाळाला टोचलं की 'हां' म्हणा."

तिने केसातली पिन काढली, आधी महाराजांनी न टोचलेल्या बाजूला लावली.

"हां! अहो, हळू!"

मग दुसऱ्या बाजूला लावली. एकदा, दोनदा, तीनदा. काका डोळे मिटून वाट बघत राहिले. "टोचा की बाई, किती वेळ?"

"तीनदा टोचून झालं," मागून कुणीतरी म्हणालं.

"दाढ कुणी कुणी काढून घेतलीय?" धाकटीने विचारलं. बरेच हात वर झाले. "ओठ जड होतो, चहा पिताना गळतो, आठवतं? तेच औषध आहे हे. कपाळ बधिर होतं. दुखणं तिथेच असतं, तुम्हाला दोन-तीन तास कळत नाही. मोठे डॉक्टरही कधी कधी डोकेदुखीला बधिर करतात, पण तसं सांगून, तपासून करतात. त्याला गाठ सोडणं म्हणत नाहीत."

"तरीच!" एक बाई पुटपुटली. "परवा कपाटाचं दार लागून रक्त आलं, मला पत्ताच नाही."

महाराज मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते उठले, आवाज खाली आणला. "मुली, तुझी इस्पितळं एका खेपेला किती घेतात? सांग ना सगळ्यांना. हे गरीब लोक तिथून हाकलले गेले, तेव्हा जवळ कुणी घेतलं? लुटारू कोण, मी का ते?"

हॉल पुन्हा त्यांच्या बाजूला गेला. "बरोबर आहे!" "इस्पितळवाले कापतात!" त्यातलं अर्धं खरं होतं, हे धाकटीलाही ठाऊक होतं. चोराने खऱ्या जखमेवरच दुकान थाटलं होतं.

"ते जास्त घेतात म्हणून तुम्ही खोटं द्यायचं?" ती म्हणाली. "बरं, माझं एकच मागणं आहे. माझ्या ताईसाठी सुई बदला."

"सिद्ध सुई बदलत नसते."

"मग आत्ता हीच सुई तुमच्या कपाळात टोचून घ्या. ह्या सगळ्यांना टोचलीत ना? आता तुमची पाळी."

"हो, घ्या की महाराज," ड्रायव्हरकाका भाबडेपणाने म्हणाले. "सिद्धच आहे, मग काय भीती?"

महाराजांनी हातातल्या सुईकडे पाहिलं. काकांनी त्यांना मदत म्हणून तो मखमली हात वर उचलला मात्र, महाराज विंचू दिसल्यासारखे मागे सरकले. खुर्ची आडवी झाली, मखमल सुटली, आणि अंगठ्याची कडी असलेली पिचकारी खणकन टेबलावर पडली. काचेच्या नळीवर भुलीच्या औषधाचं नाव बारीक अक्षरात छापलेलं होतं.

इतक्या माणसांच्या रक्तातून फिरलेली ती सुई किती घातक आहे, हे महाराजांना पहिल्यापासून माहीत होतं. बाकीच्यांना ते आता कळलं. कॉलेजातली मुलगी कपाळ चोळत रडायला लागली.

कुणीतरी फोन केला आणि पोलीस आले. टेबलाखाली अशा नळ्यांचा खोका सापडला. दोन कप चहाच्या पैशात एक नळी येते. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पोलिसांकडची पिचकारी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "भुलीने कुणी मरत नाही सहसा. पण रक्तातून पसरणारे रोग? सगळ्यांना तपासणीला पाठवा. आज, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. काही रोग लगेच दिसत नाहीत."

तीन महिने. इस्पितळाच्या दोन खेपांमध्येही तेवढंच अंतर असतं. ताई रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळी उठली तेव्हा डोकं दुखत होतंच. "मी इतकी मूर्ख कशी गं?" एवढंच म्हणाली.

"मूर्ख नाहीस. तुझं दुखत होतं."

तपासणीसाठी रक्त द्यायला एकोणचाळीस जण इस्पितळात आले. ताईचा पहिला अहवाल चांगला आला. दुसऱ्याची धास्ती पुढे होतीच. अहवाल पर्समध्ये ठेवून ती इंजेक्शनांच्या काउंटरवर गेली. तिच्यामागे ड्रायव्हरकाका, कपाटवाली बाई, कॉलेजातली मुलगी, सगळी रांग आली. खोट्या सुईसाठी लागलेली रांग आता खऱ्या सुईसाठी लागली होती.

लोकहो, महाराज पकडला गेला म्हणून टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. कुणीही टोचायला आलं, मग तो मखमलीतला असो की पांढऱ्या कोटातला, तर विचारा: ह्यात काय आहे, सुई नवी आहे का, गुण येतो हे कशावरून? उत्तर देताना जो चिडतो, त्याच्यापुढे कपाळ करू नका. आणि औषध खरं असेल, तर ते माणसाच्या आवाक्याबाहेर का, हेही तितक्याच मोठ्याने विचारा. ते विचारलं नाही, तर टायरच्या दुकानावर उद्या दुसरा महाराज बसेल.

काउंटरवरच्या माणसाने मान खाली घालूनच आकडा सांगितला.

"हा आकडा कोण ठरवतं?" ताईने विचारलं. "सवलत कुणाला मिळते? अर्ज कुठे करायचा?"

"बाई, मागे लोक खोळंबलेत."

"खोळंबलेले नाहीत, माझ्याबरोबर आलेत," ताई म्हणाली. "आधी मान वर करून बघा."

त्याने मान वर केली. रांग दारापर्यंत गेली होती.