तळ्यातल्या तिसऱ्या

"मानवजातीचं अवघं भवितव्य तळाच्या चिखलात आहे!" असं ह्युबर्ट यांनी बाळकुमच्या तळ्याकाठी उभं राहून जाहीर केलं, आणि त्यांची डावी चप्पल त्याच भवितव्यात रुतून बसली.

ऐकायला एकटी अमृता होती. कोपर गावची ही मुलगी कॉलेजातर्फे तळाचे किडे मोजायला आलेली. पलीकडच्या कारखान्यांचं रंगीत पाणी वर्षानुवर्षं इथे उतरत होतं. तळाशी काही जगतंय का, ते ती सांगणार. नाही म्हणाली, तर सोसायटी तळं बुजवून पार्किंग करणार.

ह्युबर्टचं पार्किंगशी वैर नव्हतं. पण त्यांच्या तरुणपणी अख्खा पाडा या पाण्यात शिंपले काढायला उतरायचा. हाताने नव्हे, पायाने. चिखलात बोटं फिरवायची, कडक लागलं की चिमटीत धरून वर. असाच एक शिंपला ह्युबर्टनी घट्ट धरला, तर तो किंचाळला. तो आयरीनचा अंगठा होता. पुढे चर्चमध्ये रीतसर लग्न लागलं, तरी त्या अंगठ्याने अजून माफ केलेलं नाही.

अमृताने दोरीला बांधलेला लोखंडी जबडा पाण्यात सोडला. वर आला काळा, औषधाचा वास मारणारा चिखल, आणि त्यात लालचुटूक वळवळ.

"बघ! जिवंत!"

"या अळ्या, अंकल. पाण्यातली हवा संपली तरी या तग धरतात. बाकीचे गेले की यांचीच गर्दी होते. तुमच्या शिंपल्यांची नुसती टरफलं उरलीत."

"त्या कोपऱ्यात टाक एकदा," ह्युबर्ट फार सहज म्हणाले.

जबडा वर आला तो टपोऱ्या तिसऱ्या, बाजारात मिळतात ते शिंपले, घेऊन. ह्युबर्टच्या चेहऱ्यावर इतकं आश्चर्य उमटलं, की ते खरं असणं शक्यच नव्हतं.

"अंकल, या खाडीच्या. खाऱ्या पाण्यातल्या," अमृताने एक उलटीपालटी केली. "आणि हिला हळद लागलीय."

ह्युबर्ट पायरीवर बसले. "सकाळी मीच टाकल्या. एक तरी लिही ना, पोरी. उद्या नातवंडांना काय दाखवू? तुमची आजी मला इथे भेटली, बी-चौदा नंबरच्या पार्किंगमध्ये?"

अमृता हसली नाही. "तिसऱ्या नाही लिहिणार. अळ्या लिहीन. तळं मेलेलं नाही, आजारी आहे, आधी कारखान्यांचं पाणी बंद करा, असंही लिहीन. शिंपले परत येतील का, ते मात्र मला नाही सांगता येणार."

"तेवढं पुरे," ह्युबर्ट म्हणाले, आणि वळून बघतात तर मागे आयरीन उभी. तिने तिसऱ्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग चप्पल काढून तो जुना अंगठा अलगद पाण्यात बुडवला. ह्युबर्टनी श्वास रोखला. इतक्या वर्षांनी!

आयरीन अमृताकडे वळली. "बाय, तुझं ते यंत्र अजून एकदा टाकशील? तिसऱ्यांबरोबर माझी स्टीलची चाळणीपण गेलीय."