तीन नंबरचा काटा

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा गॅरेजमध्ये विमानाचा नुसता सांगाडा उभा होता. सासऱ्यांनी (त्यांना ती बाबाच म्हणायची) जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त केली होती. दुकान बंद केल्यावर चार दिवस स्वस्थ बसले असतील-नसतील, लगेच हा उद्योग मांडला. सासूबाई विमानाला ‘माझी सवत’ म्हणायच्या. मात्र सवतीच्या पंखावर ओली चादर वाळत घालायला त्यांना काही वाटत नसे. त्यांच्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, शिडीच्या दुसऱ्याच पायरीवर गरगरायचं, त्यामुळे पाना दे, बॅटरी धर ही कामं हळूहळू सुनेच्या गळ्यात पडली. तिनेही ती आनंदाने पाडून घेतली. दिवसभर दवाखान्यात लोकांच्या हृदयाचे आलेख काढून आलं, की बाबांशेजारी बसून नट आवळण्यात तिला बरं वाटायचं.

आता विमान गावाबाहेरच्या धावपट्टीलगत एका शेडमध्ये होतं. तपासनीस पाहून, मान डोलावून गेला होता. बाबा एकटेच पहिलं उड्डाण करणार होते, आणि नेमकं तेव्हाच इंजिनाने तोंड वाकडं केलं.

इंजिनाला सिलिंडर चार. प्रत्येकाच्या धुराच्या नळीत एक सेन्सर, धूर किती तापलाय ते सांगणारा; आणि वैमानिकासमोर चार काटे. त्यातला तीन नंबरचा काटा मध्येच धपकन खाली यायचा, थरथरायचा, पुन्हा वर चढायचा. बाकीचे तिघे शहाण्यासारखे एका रेषेत.

“झालं!” बाबा म्हणाले. “झडप गेली असणार. सगळं इंजिन खोलावं लागणार आता.” त्यांचा चेहरा एवढासा झाला.

“थांबा हो बाबा. आवाज ऐका आधी. एक सिलिंडर थंड पडला असता तर हे असं गुळगुळीत चाललं असतं?”

बाबांनी कान दिला. “नसतं. धडधडलं असतं.”

“मग? माझ्याकडे पेशंट पडल्या पडल्या गप्पा हाणत असतो आणि कागदावर येते सरळ रेघ. आम्ही काय त्याला लगेच कापायला घेतो? आधी वायर सुटली का बघतो.”

“बरं, डॉक्टर,” बाबा म्हणाले. ती डॉक्टर नव्हती, पण खुशीत आले की ते तिला हेच म्हणायचे.

“गेल्या आठवड्यात तर ठीक होतं. मधे काही बदललंत का तुम्ही?”

“छे! काही नाही,” बाबा इतक्या घाईने म्हणाले की तिने वळून पाहिलं. ते स्वच्छ पानाच पुन्हा फडक्याने पुसत होते.

इंजिन निवल्यावर तिने दोन आणि तीन नंबरच्या सेन्सरच्या जोडण्या आपसात बदलल्या. पुन्हा सुरू केलं. तरी नाचला तो तीन नंबरचाच काटा. म्हणजे सेन्सर निर्दोष, सिलिंडरही निर्दोष. बाबांनी मोठा सुस्कारा सोडला. मग तिने काट्यांच्या मागच्या बाजूला वायरींची अदलाबदल केली. या वेळी दोन नंबरचा काटा नाचायला लागला.

“काटाही निर्दोष सुटला!” ती म्हणाली. “राहिली ती मधली वायर.”

इंजिन बंद करून ती उजव्या सीटखाली डोकं घालून आडवी झाली आणि वायर बोटाने चाचपत पुढे सरकली. बाबा बाहेर उगाचच खाकरत होते. एका जागी तिचं बोट अडलं. तिथे लाकडाची छोटी, गुळगुळीत घासलेली फळी ठोकली होती, वर रबर चिकटवलेलं. तिचा एक स्क्रू थेट वायरीतून गेला होता. इंजिन हादरलं की आतली तार स्क्रूला टेकत होती आणि काटा खाली पडत होता.

“बाबा, ही फळी कसली?”

बाबांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, “त्या दिवशी तू सीटवर बसली होतीस ना, तुझे पाय लोंबकळत होते. म्हटलं, टेकायला काहीतरी करावं. सांगणार होतो नंतर.”

ती तशीच सीटखाली पडून राहिली. आपल्याला वर नेण्याचं त्यांच्या मनात आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही आवरेना.

“रडतेस का हसतेस?”

“दोन्ही. तुमच्या लाडापायी इंजिनाला फाशी होणार होती, बाबा!”

त्यांनी वायर बदलली. फळी बोटभर खाली घेऊन पुन्हा बसवली. स्क्रू या वेळी तिने स्वतः लावले. इंजिन सुरू केलं तेव्हा चारही काटे एका रेषेत आले आणि तिथेच राहिले.

पुढच्या रविवारी बाबा एकटे उडाले. सासूबाईंनी सवतीला यथेच्छ शिव्या दिल्या आणि विमान उतरेपर्यंत सुनेचा दंड सोडला नाही. एकट्यानेच करायच्या चाचणीचे ठरलेले तास पुरे झाल्यावर, एका निवांत सकाळी, बाबांनी उजवीकडचं दार उघडून धरलं.

वर गेल्यावर बराच वेळ ती काट्यांकडेच बघत होती.

“डॉक्टर,” बाबा म्हणाले, “पेशंट ठणठणीत आहे. बाहेर बघा की जरा!”

तिने मान वळवली. खाली नदीचं वळण सरकत होतं, आणि पंखाची सावली शेतांवरून पळत होती.