मधला थांबा

हंबीररावांनी भिंतीवरच्या नकाशात मुंबईपासून टोरांटोपर्यंत दोरा ताणून धरला. दोऱ्याच्या पलीकडच्या टोकाला त्यांचा फायदा होता: अर्धा किलो मटण. लेक निशिगंधा पोचल्याचा निरोप येईपर्यंत घरात केर काढायचा नाही, वशाट शिजवायचं नाही, ही त्यांच्या बायकोची, अक्काताईंची रीत. विमान शनिवारी संध्याकाळी सहाला उडालं होतं आणि उद्या रविवार होता.

“मोबाइल साडेबारा हजार किलोमीटर म्हणतोय. ताशी साडेआठशे धर. पंधरा तास. उद्या नऊला पोचतीय बघ पोरगी.”

“तुम्ही म्हणाल तसं,” म्हणत अक्काताईंनी केरसुणी दाराआड उभी केली.

हंबीरराव एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त झाले, तरी त्यांनी सांगितलेल्या वेळेवर उचगावात कुणी शंका घेत नसे.

रविवारी नऊ वाजले. दहा वाजले. फोन गप्प. मटणाच्या दुकानात आता हाडंच उरणार, या धास्तीनं हंबीरराव उठले. परत आले ते पिशवी घेऊनच.

“पोचली गं. मेसेज आला.”

अक्काताईंनी आधी पिशवीकडं बघितलं, मग तोंडाकडं.

“बरं झालं. पण ग्यास संपत आलाय. परसात चूल मांडा. आन् तुम्हीच करा, माझं पित्त खवळलंय.”

फुंकून फुंकून हंबीररावांचे डोळे लाल झाले, पण रस्सा झकास जमला. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांना घड्याळ दिसलं. गाडी इतकी लेट म्हणजे काय, हे त्यांना स्टँडवरच्या नोकरीनं शिकवलं होतं. आणि विचारायचं कुणाला? घरच्या हिशेबी पोरगी पोचली होती. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. टीव्हीवर बातम्या लावल्या, लगेच बंद केल्या. गच्चीवर जाऊन उगाच आभाळ बघून आले.

“काय झालं? तिखट पडलं व्हय?”

“न्हाय. धूर गेलाय डोळ्यात.”

दिवे लावायच्या वेळेला फोन वाजला.

“बाबा, आत्ता उतरले.”

हंबीरराव उंबऱ्यावरच बसले. अक्काताईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

“आठ तास एका जागी बसून कंबर अवघडली असंल गं बाई तुझी?”

फोन ठेवल्यावर हंबीररावांनी मान वर केली.

“तुला म्हाईत होतं?”

“मधी विमान बदलायचं, आठ तास बसायचं. जाताना सांगितलंय की तिनं.”

“मग मला का न्हाय बोललीस?”

“इचारलं कुठं? तुम्ही दोरा लावून आभाळ मोजत बसलेला. कंट्रोलर म्हणं! यष्टीसुदीक कराडला च्याला थांबती की.”

अक्काताईंनी दाराआडची केरसुणी काढली. बॅग बांधताना पडलेले सुतळीचे तुकडे कालपासून तिथंच होते, हे हंबीररावांना आत्ता दिसलं.

“आणा आता पातेलं आत,” केर भरता भरता अक्काताई म्हणाल्या. “गरम करू.”

“ग्यास संपलाय न्हवं?”

“संपत आलाय म्हटलं. संपला कुठं म्हटलं?”

हंबीरराव हसत परसात गेले. मटण त्यांनी आणलं, धूर त्यांनी गिळला, दिवसभराचा घोरही एकट्यानं सोसला. अक्काताईंनी फक्त वाटी पुढं केली.