लव्हिना मावशीची टोपली

स्पेनशी लढायला म्हणून आम्ही आयोवातून निघालो आणि जॉर्जियाच्या पाइनच्या रानात माश्यांशी लढत बसलो. ज्या क्यूबासाठी ही लढाई, तो नेमका कुठल्या दिशेला हेही मला शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी कवायत, दुपारी कवायत, संध्याकाळी अफवा. 'उद्या जहाज लागतंय' ही अफवा रोजच्या बीन्सबरोबर ताटात पडायची. मग ऑगस्टात लढाई आमच्याविनाच संपली आणि तोवर आमची अर्धी कंपनी तापानं आडवी झाली होती. शौचाचे खड्डे स्वयंपाकाच्या तंबूला इतके लागून खणले होते की माशीला फारशी तंगडतोड करावी लागत नव्हती. ही अक्कल कुणाची ते सांगत नाही, उगाच माझं डोकं फिरतं.

इस्पितळात हात कमी पडू लागले तेव्हा प्रत्येक कंपनीतून शिपाई उचलले. आमचा कॅप्टन म्हणजे गावचा दंतवैद्य, आम्हीच हात वर करून निवडलेला. तो मला म्हणाला, "अल्वा, आई मेलेली वासरं तू दूध पाजून जगवलीस ना? मग जा, तेच काम आहे."

मला ती थट्टा वाटली. पण काम खरंच तेच निघालं.

माझ्या ताब्यातल्या खाटांत एक खाट ऑरिन हॅस्केलची होती. ऑरिन म्हणजे माझा शाळेतला बाकसोबती आणि इथला तंबूसोबती. विषमज्वरानं त्याला असं पिळून काढलं होतं की चादरीखाली माणूस आहे की नुसतीच घडी, असं वाटावं. ज्या दिवशी त्याचा ताप उतरला त्या दिवशी मी तंबूमागे जाऊन रडलो. मला वाटलं, सुटलो. खरी परीक्षा त्यानंतरच सुरू झाली, कारण ऑरिनला भूक लागली.

डॉक्टरांनी मला बजावून ठेवलं होतं, "ह्याची आतडी आता भिजलेल्या कागदासारखी झालीत. फक्त दूध. मी सांगेपर्यंत पावाचा चुरासुद्धा नाही. आतडं फाटलं तर माझ्या हातात काही नाही."

"अल्वा," ऑरिन म्हणायचा, "अरे, एवढासा बिस्किटाचा तुकडा."

"नाही."

"नुसता चाटतो."

"नाही."

"मग जा, मर तिकडे."

"जातो. आधी हे दूध पी."

दोन दिवस तो माझ्याशी बोललाच नाही. दूध मात्र प्यायला, डोळे वटारून.

मी इतका कठोर झालो तो लायमनमुळे. लायमन शेजारच्या खाटेवर होता, त्याचाही ताप उतरला होता. त्याचा सख्खा भाऊ टोपीत लपवून पाव आणि हॅम घेऊन आला. लायमननं ते मिटक्या मारत खाल्लं आणि भाऊ समोर बसून सुखानं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी लायमन गेला. त्या भावाला कुणी एका शब्दानं बोललं नाही. आमच्याकडे माया करायची म्हणजे खाऊ घालायचं, दुसरी रीत कुणाला येतच नाही. माझ्या जागी दुसरं कुणी ऑरिनजवळ असतं तर त्यानंही तेच केलं असतं.

आणि अशात एका दुपारी तंबूच्या दारात लव्हिना मावशी उभी राहिली. ऑरिनची आई. सगळं गाव तिला मावशीच म्हणतं. पोरगा आजारी असल्याचं कळल्यावर ती मिळेल त्या गाडीनं निघाली होती आणि सगळी वाट तिनं मांडीवरची टोपली खाली ठेवली नव्हती. तळलेली कोंबडी उन्हानं आंबली, ती तिनं टेनेसीत कुठेतरी खिडकीबाहेर फेकली. आल्याचा केक मात्र शाबूत होता.

त्या केकबद्दल सांगायलाच हवं. आमच्या गावात बारसं असो की मयत, मावशीच्या आल्याच्या केकाशिवाय पार पडत नाही. एकदा पाद्री सहज बोलून गेला की आज जरासा जास्त भाजलाय वाटतं. मावशी त्यानंतर दोन रविवार चर्चकडे फिरकली नाही. तिसऱ्या रविवारी पाद्री स्वतः तिच्या दारी गेला, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

मावशीनं पोराकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. मग तिनं तो सावरला, खाटेवर बसली आणि टोपलीवरचा रुमाल काढला. सगळ्या तंबूत आल्याचा आणि काकवीचा वास भरला. पलीकडच्या खाटांवरची डोकी वर झाली.

"मावशी," मी म्हणालो, "त्याला नाही द्यायचा."

"काय?"

"डॉक्टरांची सक्त मनाई आहे. फक्त दूध."

"अल्वा टटल, तुझं नाक मी पुसलंय. माझ्या पोराला काय द्यायचं ते तू मला शिकवणार?"

"आई, हा मला उपाशी मारतोय," ऑरिन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ह्याला बाहेर काढ."

मी मावशीच्या मनगटाला धरलं. तिच्या अंगाला हात लावायची माझी आयुष्यातली पहिली वेळ. तिला ओढतच तंबूबाहेर नेलं आणि लायमनचं सगळं सांगितलं. टोपी, पाव, हॅम, भावाचा सुखी चेहरा, काही गाळलं नाही. मावशी पाइनच्या बुंध्याला टेकून खालीच बसली.

"तुला ठाऊक नाही," ती म्हणाली. "भरतीच्या दिवशी ह्याचं वजन कमी भरलं. रडत घरी आला. म्हणाला, सगळी पोरं चाललीत आणि मीच मागे. मला मनातून आनंद झाला होता रे. पण त्याचं तोंड बघवेना. मग मीच धिरडी करकरून वाढली, केळी चारली, वर तांब्याभर पाणी पाजलं आणि परत पाठवला. काट्यावर बरोब्बर बसला." तिनं एप्रनमध्ये तोंड लपवलं. "मीच खाऊ घालून धाडलाय त्याला इथं."

माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे आयांची समजूत कशी काढतात ते मी शिकलोच नाही. मी म्हणालो, "दूध पाजायची वेळ झालीय. तुम्ही पाजता?"

तिनं डोळे पुसले. "चमच्यानं?"

"चमच्यानं."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली आणि उठली.

तिनं दूध पाजलं. पोरानं तोंड फिरवलं तरी पाजलं. पण टोपली तिनं बाहेर ठेवली नाही, खाटेखालीच सरकवली. मला ते खटकलं. मी डोळ्यांत तेल घालून बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेजारच्या तंबूत बादली घेऊन गेलो होतो. परत आलो तर ऑरिन लहान मुलासारखा हुंदके देत होता. "आई, एकच घास. आई, मी तुझ्याकडे पुन्हा कधी काही मागणार नाही." मावशीच्या हातात केकचा तुकडा होता. तो हात ऑरिनच्या तोंडापासून वितीवर येऊन थांबला होता.

मी बादली टाकली. ओरडणार होतो, तेवढ्यात तिनं माझ्याकडे पाहिलं. ते डोळे मला अडव असं सांगत होते, आणि अडवू नकोस असंही.

"अल्वा," ती म्हणाली, "इकडे ये. आ कर."

"काय?"

"आ कर म्हणते ना! माझ्या हातात राहिला तर मी त्याला देईन. माझा माझ्यावर भरवसा नाही."

मी आ केला. तिनं तुकडा माझ्या तोंडात कोंबला. मग दुसरा, मग तिसरा. मी खाटेशी गुडघे टेकून खात होतो, ती भरवत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ऑरिन आमच्याकडे टक लावून पाहत होता. माझ्याइतका नालायक माणूस त्या वेळी अख्ख्या अमेरिकी फौजेत नसेल.

"कसा झालाय?" त्यानं विचारलं. आवाज अगदी बारीक.

आता काय सांगू? तसा केक मी जन्मात खाल्ला नव्हता. महिनोन्महिने शिळी बिस्किटं चावलेल्या तोंडाला तो स्वर्गच होता. मी कसाबसा गिळला आणि म्हणालो, "करपलाय."

बोललो आणि पाद्रीचे ते दोन रविवार आठवले. मावशीचा हात टोपलीत थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "करपलाच ह्या खेपेला. भट्टीकडे लक्षच नव्हतं माझं. कडू झालाय नुसता."

ऑरिन तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "मग दूधच द्या."

उरलेला केक मावशीनं त्याच दिवशी कवायतीहून आलेल्या पोरांना वाटून टाकला आणि टोपली रिकामी केली. त्यानंतर ऑरिननं खायला म्हणून काही मागितलं नाही. दूध दिलं की प्यायचा. माझ्याशी बोलायलाही लागला, म्हणजे शिव्या द्यायला लागला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याचं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि अर्धकच्चं उकडलेलं अंडं द्यायची परवानगी दिली. मावशीनं ते कपात फोडलं, मीठ घातलं, ढवळलं. पण उचललेला चमचा तिनं तसाच कपात परत ठेवला. तिनं कप माझ्या हातात दिला.

"तूच दे," ती म्हणाली. "नाही म्हणायचं काम तू केलंस, हेही तूच कर."

मी चमचा पुढे केला. ऑरिननं घास घेतला, डोळे मिटून तोंडात घोळवला, गिळला. आम्ही तिघंही काही होतंय का ते बघत राहिलो. काही झालं नाही. मी दुसरा चमचा भरला.

"करपला नव्हता तो," ऑरिन म्हणाला.

"कोण?"

"केक. माझं नाक काही मेलं नव्हतं. दोन दिवस खाटेखालचा वास घेत होतो मी." तो मावशीकडे वळला. "ह्यानं करपलाय म्हटलं, तेव्हा मला नुसता राग आला. पण तू हो म्हणालीस ना आई, तेव्हा कळलं की तो खाल्ला असता तर मी खरंच मेलो असतो."